अस्सल बरहुकूम नक्कल

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की आमच्या शाळेत सर्वांत जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘कॉपी’. कॉपीमुक्त अभियानाची परिपत्रके येतात, भरारी पथकांची चर्चा होते, मुलांकडून शपथ घेतली जाते. मी उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते, त्यामुळे या शब्दाची दोन भावंडे माझ्या ओळखीची आहेत. मराठीत ‘नक्कल’ म्हटले की वेडावून दाखवणे किंवा खोटा माल आठवतो. उर्दूत ‘नक्ल’ हा शब्द जरा अदबीने येतो. अरबीत त्याचा मूळ अर्थ एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे. मालाच्या वाहतुकीलाही तिथे हाच शब्द. म्हणजे नक्ल करणारा मुळात हमाल आहे. दुसऱ्याची अमानत डोक्यावर घेऊन तो पुढच्या मुक्कामी पोचवतो.

मराठीची बाजूही तशी कच्ची नाही. कचेरीतून जमिनीच्या कागदाची प्रत काढली की जुन्या कारकुनांच्या हातची एक ओळ खाली असायची : ‘अस्सल बरहुकूम नक्कल’. मुळाशी तंतोतंत जुळणारी प्रत. त्याखाली नक्कल करणाऱ्याची सही आणि रुजवात घेणाऱ्याची सही. कुणी उतरवली आणि कुणी ताडून पाहिली, हे कागदच सांगायचा.

गेली वीस-बावीस वर्षे मी अशाच सहीनिशी केलेल्या नकलांचा शौक बाळगून आहे. फक्त त्या जमिनीच्या कागदांच्या नाहीत. युरोपात पंधराव्या-सोळाव्या शतकात, ज्याला आपल्या इतिहासाच्या पुस्तकात प्रबोधनकाळ म्हणतात, लिओनार्दो दा विंची, राफाएल, पार्मिजानिनो अशा उस्तादांनी कागदावर हजारो रेखाटने केली. पुढे सतराव्या-अठराव्या शतकात काही कारागिरांनी त्या रेखाटनांच्या नकला तांब्याच्या पत्र्यावर तेजाबाने कोरून छापल्या. माझ्याकडे असे सहा कागद आहेत. सहाच. शिक्षिकेच्या पगारात आणि पनवेलच्या दोन खोल्यांत याहून जास्त शौक परवडत नाही, आणि खरे सांगायचे तर लागतही नाही.

पहिला कागद मामूंनी आणला. आम्ही कोकणातले. आमच्याकडे एका पिढीत घरटी एक माणूस तरी जहाजावर असायचा. मामू मालवाहू जहाजावर होते. बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात जहाज लागले की ते जुन्या बाजारात एक फेरी मारायचे. तिथून कधी चमचे यायचे, कधी घड्याळ. एकदा त्यांनी पोस्टकार्डाच्या निम्म्याएवढा एक पिवळट कागद आणला. त्यावर एका म्हाताऱ्याचे डोके : नाक खाली वळलेले, हनुवटी वर आलेली, दात गेल्यामुळे ओठ आत ओढलेले. मी तेव्हा बी.एड.ला होते. मामू म्हणाले, “पोरी, तू शिकलेली आहेस, हे काय आहे ते तू शोध.”

ते शोधायला पहिली मदत झाली अब्बांची. अब्बा मुंबईत कातिब होते. उर्दूची किताबत करायचे : पुस्तके, वर्तमानपत्राची पाने, लग्नाच्या पत्रिका, पोस्टर. संगणकावर उर्दू जुळवण्याआधी उर्दूची बहुतेक छपाई हातच्या अक्षरांवरूनच व्हायची. कातिब खास शाईने खास कागदावर लिहायचा, ते लिखाण दगडावर उलटे उतरायचे आणि दगडावरून छापताना पुन्हा सुलटे व्हायचे. दगडावरच्या चुका दुरुस्त करणारा वेगळा कारागीर असे, संगसाज. तो उलटी अक्षरे अशी सराईतपणे लिहायचा, की जणू त्याने शिकतानाच उलटे गिरवले असावे. छाप म्हणजे काय, हे अब्बांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्यांनी तो कागद खिडकीपाशी नेला, तिरपा धरला, कडेच्या रेघेवरून बोटाचे टोक हलकेच फिरवले आणि म्हणाले, “ही दगडाची छपाई नाही. दगडाची शाई कागदावर झोपते. इथे ती उभी आहे.” आणि पुढचा प्रश्न त्यांनी असा विचारला की तो मी आजवर विसरलेली नाही : “याचा कातिब कोण?”

चित्रकार कोण, असे नव्हे, कातिब कोण. चित्र एकाचे असेल आणि ते पत्र्यावर उतरवणारा हात दुसऱ्याचा, हे त्यांनी पाहताक्षणी ओळखले होते. उत्तर कागदावरच होते. खाली केसासारख्या बारीक अक्षरांत दोन नावे होती : रेखाटन लिओनार्दोचे, आणि पत्रा केला हॉलारने, सन १६४५.

या पत्र्याच्या कामाला एचिंग म्हणतात, मराठीत अम्लरेखन. आधी तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. त्यावर मेण आणि राळेचा पातळ थर द्यायचा, तो धुराने काळा करायचा. मग त्या थरात सुईने चित्र काढायचे. सुई फिरेल तिथे मेण निघते आणि तांबे उघडे पडते. पत्रा तेजाबात ठेवला की उघड्या रेघा तेजाब खाते, झाकलेला भाग शाबूत राहतो. नाजूक रेघा थोड्या वेळात होतात. त्या झाकून पत्रा पुन्हा तेजाबात ठेवला की उरलेल्या रेघा आणखी खोल आणि काळ्या होतात. शेवटी थर पुसून पत्र्यावर शाई चोळायची, वरची शाई पुसून काढायची. ती रेघांच्या खाचांत तेवढी उरते. त्यावर ओलसर कागद ठेवून तो जड रुळांमधून ओढला की कागद खाचेत शिरतो आणि शाई उचलून आणतो. म्हणून शाई उभी. आणि म्हणूनच पत्र्याच्या कडांचा दाबलेला चौकोन कागदावर कायमचा उमटतो.

दगडाप्रमाणे इथेही सगळे उलटे छापले जाते, मात्र सुलटे करायला मधला कागद नसतो. पत्र्यावर डावीकडे पाहणारा माणूस कागदावर उजवीकडे पाहतो. यातली एक गंमत मी दरवर्षी माझ्या मुलांना सांगते, कारण त्यांना उजवीकडून लिहायची उर्दू आणि डावीकडून लिहायची मराठी रोजची आहे. लिओनार्दो डावखुरा होता. स्वतःच्या वह्या तो उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारख्या अक्षरांत लिहायचा. सावलीसाठी त्याने मारलेल्या रेघा वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरतात. त्याचे रेखाटन जसेच्या तसे पत्र्यावर उतरवून छापले, तर त्याच रेघा उजव्या हाताने मारल्यासारख्या दिसू लागतात. प्रामाणिक नकलेतही डावा हात उजवा होऊन जातो! मुले लगेच पाटीवर रेघा मारून पाहतात. तेवढ्या पाच मिनिटांत वर्गात कुणाला झोप येत नाही.

आता त्या कातिबाविषयी. वेन्सेस्लॉस हॉलार १६०७ साली प्राग शहरात जन्मला. त्या मुलखात धर्माच्या नावावर लढाया पेटल्या होत्या. विशीतच त्याने घर सोडले आणि जर्मनीतल्या शहरांतून पोट भरत हिंडला. १६३६ साली कोलोन शहरात त्याची गाठ अर्ल ऑफ अरुंडेल या इंग्रज उमरावाशी पडली. अरुंडेलला कलेचे वेड होते. लिओनार्दोच्या रेखाटनांचा एक मोठा संग्रह त्याच्याकडे होता. तो संग्रह तिथवर कसा आला, हीसुद्धा नक्लच आहे, एका हातातून दुसऱ्या हातात. लिओनार्दो १५१९ साली फ्रान्समध्ये वारला, तेव्हा कागद त्याच्या शागिर्दाकडे, फ्रान्चेस्को मेल्झीकडे गेले. मेल्झीने ते जन्मभर सांभाळले. त्याच्या वारसांकडून ते पोंपेओ लेओनी या शिल्पकाराने मिळवले आणि त्यातला मोठा वाटा पुढे अरुंडेलकडे पोचला. आज तो विंडसरच्या राजवाड्यात, इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे.

अरुंडेलने हॉलारला लंडनला नेले आणि आपल्या संग्रहातल्या चित्रांचे पत्रे करण्याचे काम दिले. त्या काळी फोटो नव्हता. रेखाटन एकच असायचे आणि ते एका उमरावाच्या कपाटात बंद असायचे. दुसऱ्या गावातल्या चित्रकाराला, शागिर्दाला, शौकिनाला ते दिसायचे कसे? पत्र्यावरून शेकडो प्रती निघत आणि त्या बाजारात कुणीही विकत घेऊ शके. ज्याला राजवाड्याच्या दाराशी कुणी उभे केले नसते, त्याच्या घरात लिओनार्दोचा म्हातारा पोचला तो या हमालांच्या डोक्यावरून. मामूंच्या पिशवीतून पनवेलपर्यंत तो आला, तोही त्याच वाटेने.

मग इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांचे युद्ध पेटले. अरुंडेल देश सोडून गेला आणि १६४६ साली इटलीत वारला. हॉलारही १६४४ साली अँटवर्पला आला आणि आश्रयदाता नसताना पत्रे करत राहिला. माझा कागद त्या दिवसांतला आहे. पुढे तो लंडनला परतला. १६६५ च्या प्लेगमध्ये त्याचा तरुण मुलगा गेला. त्याच्या हातातही हुनर होते म्हणतात. दुसऱ्या वर्षी लंडन जळाले. त्या आगीआधीचे आणि नंतरचे शहर आज आपल्याला दिसते, ते बरेचसे हॉलारच्या पत्र्यांमुळे. आयुष्यात त्याने सुमारे २,७०० पत्रे केले आणि १६७७ साली गरिबीत डोळे मिटले.

त्याच्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. तो तासाच्या हिशेबाने काम करायचा, तासाला चार पेन्स. समोर वाळूचे घड्याळ ठेवायचा आणि मध्ये कुणी बोलायला आले की ते घड्याळ आडवे करून ठेवायचा, म्हणजे न केलेल्या कामाचे पैसे लागू नयेत. ही गोष्ट मी अब्बांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनाही पानाच्या दराने पैसे मिळायचे. चुकलेले पान ते स्वतःच्या खर्चाने पुन्हा लिहायचे.

अब्बांनी आयुष्यात किती पाने लिहिली याचा हिशेब नाही. पुस्तकाच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर ‘किताबत’ असे लिहून खाली कातिबाचे नाव देण्याची चांगली रीत होती. पण अब्बांनी लिहिलेल्या पुस्तकांपैकी फार थोड्यांत त्यांचे नाव आहे. एका प्रकाशकाने तर लिहून दिलेली ती ओळ जागा वाचवायला कापून टाकली होती. अब्बांनी त्यावर तक्रार केली नाही, पण ते पुस्तकही घरात ठेवले नाही. नव्वदच्या दशकात संगणक आला आणि काम आटत गेले. त्यांच्या बोरूच्या कलमा अजून माझ्याकडे आहेत. अल्लाह मरहूम अब्बांना जन्नत नसीब करो.

म्हणून छापाच्या खालची ती बारीक ओळ मला चित्राइतकीच महत्त्वाची वाटते. तिची भाषा लॅटिन असते, पण चार-पाच शब्द शिकले की पुरते. नावापुढे ‘इन्व्हेनिट’ असेल तर कल्पना त्याची. ‘डेलिनिआव्हिट’ असेल तर रेखाटन त्याचे. ‘स्कल्प्सिट’ किंवा ‘फेकिट’ असेल तर पत्रा त्याने केला. ‘एक्सकुडिट’ असेल तर छापून विकणारा तो. बहुतेक वेळा हे शब्द आखूड करून लिहिलेले असतात. हॉलारच्या कित्येक छापांवर आणखी एक ओळ आहे : हे अरुंडेलच्या संग्रहातून. म्हणजे कुणाचे, कुणी उतरवले आणि कुणाकडे पाहून उतरवले, या तिन्हींची नोंद. आपल्याकडे इल्मच्या दुनियेत ‘हे तुला कुणी सांगितले?’ हा प्रश्न किती जुना आणि किती मोलाचा आहे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

नकलेची ही वाट पॅरिसलाही गेली. तिथे पिएर क्रोझा नावाचा गडगंज सावकार होता. त्याने सुमारे १९,००० रेखाटने जमवली होती. त्याच्या घरी चित्रकारांना ती पाहायला मोकळीक असे. त्यांतल्या आणि फ्रान्सच्या राजाच्या संग्रहातल्या निवडक चित्रांचा छापील ग्रंथ दोन खंडांत निघाला, १७२९ आणि १७४२ साली. रेखाटनांचे पत्रे करणाऱ्यांत काँत द केलुस हा उमराव होता. तरुणपणी त्याने फौजेत तलवार चालवली होती, नंतर सुई हाती घेतली. पेनाची रेघ तो पत्र्यावर कोरायचा आणि शाईच्या पुसट सावल्यांसाठी निकोला ल स्युर हा कारागीर लाकडाचे ठसे करायचा. एकाच कागदावर आधी तांब्याची रेघ, मग लाकडाचा रंग. क्रोझा १७४० साली वारला. आपली रेखाटने विकून येणारा पैसा पॅरिसच्या गरिबांना द्यावा, असे त्याने लिहून ठेवले होते, आणि दुसऱ्या वर्षी ती विकली गेली. संग्रह करणाऱ्या माणसाने शेवटी काय करावे, याचा हा एक चांगला नमुना मला वाटतो.

याच केलुसने १७३० साली लिओनार्दोच्या चेहऱ्यांची एक वही पत्र्यांवर उतरवून प्रसिद्ध केली. मूळ वही त्याचा मित्र मारिएत याच्याकडे होती. पुढच्या अभ्यासकांनी ताडून पाहिले तेव्हा ठरले, की ती वही लिओनार्दोच्या हातची नाही, ती कुणीतरी त्याच्यावरून केलेली नक्कल आहे. म्हणजे केलुसचे छाप नकलेची नक्कल ठरले. माझ्याकडे त्यातला एक कागद आहे. लंडनला स्थायिक झालेल्या मामेभावाने चाळीस पौंडांत घेऊन पाठवला. तो मला कमी प्रिय नाही. त्या अनामिक हाताने आपले नाव लिहिले असते, तर आज आपण त्यालाही सलाम केला असता, एवढेच मनात येते.

हा सगळा परक्या मुलखाचा मामला आहे, आपल्याशी त्याचा काय संबंध, असे कुणाला वाटेल. संबंध आहे आणि तो जुना आहे. १५८० साली गोव्याहून निघालेले ख्रिस्ती पाद्री फतेहपूर सिक्रीला अकबर बादशाहाच्या दरबारात पोचले. त्यांनी बादशाहाला अँटवर्पमध्ये छापलेले अनेक भाषांतले बायबल भेट दिले, त्यात ताम्रछापाची चित्रे होती. युरोपातले असे छाप दरबाराच्या चित्रशाळेत जाऊ लागले आणि तिथले उस्ताद त्यांवर हात बसवू लागले. १६०० च्या सुमारास अबुल हसन नावाच्या मुलाने जर्मन उस्ताद ड्युरर याच्या १५११ सालच्या एका छापातली एक उभी आकृती रेखाटली. आज ते रेखाटन ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात आहे. त्यावर नोंद आहे, की तेव्हा त्याला तेरावे वर्ष चालू होते. आमच्या आठवीतल्या मुलाचे वय! हाच मुलगा पुढे जहांगीर बादशाहाकडून ‘नादिर-उज-जमान’ हा किताब मिळवणारा चित्रकार झाला. उलट्या दिशेनेही माल गेला. हॉलंडच्या रेम्ब्रांटने १६५६ ते १६६१ च्या सुमारास मुघल चित्रांवरून वीसहून अधिक रेखाटने केली, त्यांत शाहजहानही आहे. तेव्हा त्याने पन्नाशी गाठली होती आणि त्याचे नाव सर्वदूर होते. तरी समोर दुसऱ्याचे चित्र ठेवून गिरवायला त्याला कमीपणा वाटला नाही.

घरात हे कागद आले तेव्हा सासूबाईंनी, आम्ही त्यांना अम्मी म्हणतो, एकच अट घातली : चेहऱ्यांची चित्रे भिंतीवर लागणार नाहीत, आपण इथे नमाज पढतो. मी लगेच मान्य केले. नंतर वाचनात आले, की मोठी संग्रहालयेही हे कागद कायम भिंतीवर ठेवत नाहीत. उजेडाने कागद पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो, म्हणून ते पेटीत निजवून ठेवतात आणि पाहायचे तेव्हा बाहेर काढतात. माझेही कागद लोखंडी कपाटात, आम्लविरहित कागदाच्या घडीत, पडून असतात. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींनाही घाम येतो. म्हणून बुटांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या मी वर्षभर जमवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा सगळे उघडून बघायचे : कसर लागली का, तपकिरी डाग वाढले का. अम्मीही शेजारी बसून पाहतात. तो बिनदातांचा म्हातारा त्यांच्या खास ओळखीचा झाला आहे.

तीन वर्षांपूर्वी मुलीच्या फार्मसीच्या प्रवेशाची वेळ आली. फी भरायची होती आणि हातात पुरेसे पैसे नव्हते. सहा कागदांपैकी एक विकावा असे ठरवले. तो लंडनच्या आर्थर पाँडचा आहे. पाँडने चार्ल्स नॅप्टन याच्या साथीने १७३४ ते १७३६ या काळात उस्तादांच्या रेखाटनांसारखे हुबेहूब दिसणारे छाप काढले होते. तेही तांब्याची रेघ आणि लाकडाची सावली या जोडकामाने. माझा कागद पार्मिजानिनोच्या एका रेखाटनावरून आहे. दुरून पाहणाऱ्याला तो हातानेच काढलेला वाटतो. खालच्या पट्टीत पार्मिजानिनोचे नाव आहे, पाँडचे आहे आणि ते रेखाटन त्या वेळी ज्याच्याकडे होते त्याचेही आहे.

मुंबईतल्या एका व्यापाऱ्याने तो पाहिला आणि आधी अगदीच थोडी रक्कम सांगितली. मग आवाज खाली करून म्हणाला, “मॅडम, ही खालची पट्टी कापून द्या, मग मी तुम्हाला सहापट देतो. कडेचा दाबही निघून जाईल. नाव नसलं की हा छाप राहत नाही, जुन्या उस्तादाच्या हातचं चित्र होतं. तुम्ही काही खोटं बोलायचं नाही. घेणारा काय ते समजेल.”

त्या सहापटीत फी पूर्ण बसत होती. मी विचार करून सांगते म्हटले आणि घरी आले. रात्री जेवताना सगळ्यांसमोर मांडले. हे म्हणाले, “कागद तुझा आहे, फैसलाही तुझाच.” मुलगी काही बोलली नाही, तिच्याच फीचा प्रश्न होता, ती काय बोलणार? अम्मींनी विचारले, “पट्टीवर काय आहे म्हणालीस?” मी म्हटले, “ज्यांनी केलं त्यांची नावं.” त्या उठून आत गेल्या आणि आपल्या दोन बांगड्या आणून माझ्यासमोर ठेवल्या. म्हणाल्या, “ह्या मोडा. मेलेल्या माणसाच्या मेहनतीवरून त्याचं नाव पुसून माझ्या नातीची फी भरायची नाही.”

बांगड्या मोडल्या. फी भरली. कागद पट्टीसकट कपाटात आहे. अम्मींच्या बांगड्यांसाठी मी दर महिन्याला थोडे बाजूला टाकते आहे, इन्शाअल्लाह ते होईल. त्या रात्री अम्मींनी ज्या मेलेल्या माणसासाठी बांगड्या काढल्या तो पाँड होता, की माझे अब्बा, हे मी त्यांना विचारलेले नाही.

पट्टी कापणे ही काही त्या व्यापाऱ्याने काढलेली नवी शक्कल नव्हे. जुन्या काळापासून कित्येक छापांच्या कडा कापल्या गेल्या. काही चौकटीत बसवायला, काही वहीत चिकटवायला, आणि काही फसवायला. म्हणून कुणाला हा शौक करावासा वाटला तर दोन-चार गोष्टी सांगते. महागडा कागद शोधायला जाऊ नका. डाग असलेला, कोपरा फाटलेला, पण नावे शाबूत असलेला कागद घ्या. भिंग घेऊन पाहा : रेघ सलग असेल तर पत्र्याची शक्यता, बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती अलीकडची यंत्राची छपाई. कागद उजेडासमोर धरा. जुन्या हातकागदात जवळजवळ असलेल्या समांतर रेघा दिसतात. कडेने पत्र्याचा दाब आहे का, ते बोटाने चाचपा. आणि पैसे खर्च न करताही हे सगळे पाहता येते. लंडनचे ब्रिटिश म्युझियम आणि अ‍ॅमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम यांनी आपले हजारो छाप इंटरनेटवर मोफत खुले केले आहेत. हॉलारचा मोठा संग्रह टोरांटो विद्यापीठाच्या ग्रंथालयाने तसाच ठेवला आहे. मोबाइलवर रेघ मोठी करून पाहिली तर सुई कुठे थांबली, कुठे वळली, तेही दिसते.

शाळेत मी यातून एक सवय लावली आहे. खुशखतीच्या तासाला मुले समोरच्या ओळी पाहून गिरवतात. पान संपले की खाली तीन गोष्टी लिहायच्या : ओळ कुणाची, कोणत्या पुस्तकातून घेतली, आणि गिरवली कुणी. सुरुवातीला मुले हसायची. आता एखाद्याने निबंधात दुसऱ्याचे चांगले वाक्य वापरले, तर तोच खाली लिहितो, ‘हे वाक्य माझ्या चाचांचे आहे’. त्याचे गुण मी कापत नाही. परीक्षेतली चिठ्ठी आणि हे पान यांतला फरक मुलांना व्याख्या न सांगताही समजतो. चिठ्ठीवर कुणाचेच नाव नसते.

गेल्या उन्हाळ्यात मी प्रत्येक कागदासाठी एक पाकीट केले आणि त्यावर एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला उर्दूत हकिकत लिहिली. चित्र कुणाचे, पत्रा कुणाचा, छाप कोणत्या सालचा, तो कुणी कुठून आणला, किती पैसे पडले. पहिल्या पाकिटावर मामूंचे नाव आणि त्यांच्या जहाजाचे नाव आहे. पाँडच्या पाकिटावर दोन बांगड्यांचे वजन लिहिले आहे. मुलीने ते वाचले आणि विचारले, “यात नानांचं नाव कुठे आहे?” मग पहिल्या पाकिटावर तिनेच एक ओळ वाढवली, हा छाप पत्र्याचा आहे हे कुणी ओळखले त्याची. तिचे अक्षर अब्बांसारखे वळणदार नाही, पण नाव तिने पूर्ण लिहिले आहे.